खालचं जाळं, वरचा धागा

काकू, सप्रेम नमस्कार.

माझं वय ४६. कराडजवळच्या एका गावात राहते. बारावी झाली आणि लग्न झालं. गेली बावीस वर्षं घरीच शिवणकाम करते. अस्तराच्या ब्लाउजचे ४०० घेते, फॉल-बीडिंगचे १२०. शाळेत गणितात कायम काठावर पास. बँकेचं, पैशाचं सगळं हे बघतात. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. काही विचारलं की म्हणतो, ‘आई, ते तुला नाही कळणार.’ प्रेमानेच म्हणतो, पण हल्ली मलाही तसंच वाटायला लागलंय. स्वयंपाकघरात जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. पूर्वी वीस-पंचवीस फोन नंबर पाठ होते, आता ह्यांचाही नाही. मोबाइलवर नवीन कटिंग तीन-तीनदा बघते आणि मशीनवर बसले की पाटी कोरी.

मागच्या महिन्यात मोठं मशीन बघायला गेलो. साठ हजारांचं, तीन वर्षांचे हप्ते, ‘फक्त ९ टक्के फ्लॅट’. मला काहीतरी खटकलं, पण बोलले नाही. सही अजून व्हायची आहे. आणि तालुक्याला एक कार्यशाळा आहे. माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो, उरलेला आम्ही जागा करून देतो म्हणतात. फी १५ हजार. मैत्रीण चल म्हणते. जाऊ का? आणि नाही गेले तर आहे तेच डोकं जास्त चालवायचा काही मार्ग आहे का?

नाव छापू नका.

ताई,

आधी पंधरा हजारांचं मिटवू. भरू नका.

दहा टक्क्यांची ही गोष्ट कित्येक वर्षं फिरतेय आणि ती खोटी आहे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के. आपण नुसतं बसून असतो तेव्हाही शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातली २० टक्क्यांच्या आसपास एकटा मेंदू खातो. एवढा खादाड माणूस घरात ठेवायचा आणि त्याच्या दहापैकी नऊ खोल्यांना कुलूप लावायचं, हे तुम्हीही केलं नसतं, निसर्गाने तर नाहीच. स्कॅनवर बघितलं तर झोपेतसुद्धा मेंदूचे सगळे भाग कमी-अधिक चालू असतात. अर्धांगाच्या झटक्यात बोराएवढा भाग गेला तरी कुणाची वाचा जाते, कुणाचा हात लुळा पडतो. नव्वद टक्के मेंदू बिनकामाचा असता, तर बहुतेकांना झटका येऊन गेल्याचं कळलंही नसतं.

मेंदूचे व्यायाम म्हणून मोबाइलवर खेळ विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीला २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरावे लागले, कारण जाहिरातीतल्या दाव्यांना पुरेसा आधार नव्हता. त्या खेळांनी माणूस त्या खेळात तरबेज होतो, एवढं मात्र होतं. मेंदू जागा झाला की मूल डोळ्यांना पट्टी बांधूनही वाचतं, असं करून दाखवणारेही तुमच्याकडे येऊन गेले असतील. ओढणीची पट्टी बांधा आणि पुस्तक छातीशी धरा. नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली फट राहते, तिच्यातून अक्षरं दिसतात. फी नाही.

आणि अशा कार्यशाळांच्या जाहिरातीच्या चित्रफितीत दिसणारे समाधानी पालक? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती जमते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात आणि शीत आपण आपल्या हाताने काढतो. आंब्याच्या पेटीला तोच न्याय लावा बघू. वरचा थर कुणी लावला? ज्याला पेटी विकायची आहे त्याने. तुम्ही बाजारात खालचा आंबा काढून बघितल्याशिवाय पेटी घेत नसणार. मग कार्यशाळेच्या वरच्या थराला का भुलायचं? ज्यांनी फी भरली आणि काहीच झालं नाही, ते त्या चित्रफितीत नसतात.

आता तुमच्या डोक्याचं.

मशीनवर शिवताना कापडाच्या खाली धाग्याचं जाळं झालं तर तुम्ही काय करता? नवीन शिकणारी मुलगी बॉबिन काढून बसते, कारण गोंधळ खाली दिसतोय. तुम्ही तसं करत नाही. तुमचा हात आधी वर जातो. वरचा धागा टेन्शनच्या चकत्यांमधून नीट गेलाय का, की बाहेरून निसटलाय? बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. तेवढ्याने भागलं नाही तर सुई बदलता. मग बॉबिन केस काढून आतला कचरा साफ करता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चिंधीवर चार टाके घालून बघायचे, मग पुढची. सगळं एकदम बदललं तर कशाने सुधारलं ते कळत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं नसेल. प्रयोगशाळेत पगार घेऊन माणसं हेच करतात. खाली दिसणाऱ्या दोषाचं मूळ वर असू शकतं, हे ज्या बाईच्या हातांना कळतं, तिला ‘तुला नाही कळणार’ म्हणणं धाडसाचं आहे.

आणखी एक. कापड तुम्ही ‘बेतता’. आपल्या भाषेत बेतणं म्हणजे कापड कापायला आखणंही आणि एखादी गोष्ट योजणंही. पन्ना कमी, काठ एकाच बाजूला, बाई अंगाने भरलेली आणि बाह्या कोपरापर्यंत हव्यात. अशा वेळी तुम्ही कात्री लावण्याआधी पाच मिनिटं कापडाकडे नुसतं बघत बसता ना? त्या पाच मिनिटांत तुम्ही मनातल्या मनात तुकडे फिरवता, उलटवता, एकमेकांत बसवता. कात्री लागली की परत फिरता येत नाही, म्हणून हे सगळं आधी. हे गणित नाही तर दुसरं काय आहे?

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातली एक हकिकत सांगते. तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ, फळं विकणारी मुलं गाठली. ९ ते १५ वर्षांची पाच मुलं. गिऱ्हाईक बनून त्यांना हिशेब विचारले. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, पस्तीसचा एक, तर चार नारळांचे किती? तो म्हणाला, तिनांचे एकशे पाच, अधिक तीस, एकशे पस्तीस... एकशे चाळीस. बरोबर. नंतर त्याच मुलाला कागद-पेन्सिल देऊन ३५ गुणिले ४ घातलं. चार पंचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००. चार नारळांचे दोनशे मागितले असते तर गिऱ्हाईक भांडलं असतं, हे त्याला रस्त्यावर लगेच कळलं असतं. कागदावर कळलं नाही. सगळ्या मुलांचे मिळून रस्त्यावरचे ९८ टक्के हिशेब बरोबर निघाले आणि कागदावरचे जेमतेम ३७ टक्के. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल असंच काही ‘नेचर’मध्ये मांडलं. त्यात उलटी बाजूही दिसली. शाळेतली गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडखळत होती.

तुमचंही ह्याहून वेगळं नाही, असं मला पत्रावरून वाटतं. बुद्धी कमी पडलेली नाही. ती मशीनपाशी बसून आहे, तिला कुणी उठवून बँकेत नेलेलं नाही. बँकेतला कागद समोर आला की तुम्ही शाळेतली काठावर पास मुलगी होता. मी ३१ वर्षं बँकेत होते. अंगठा लावणाऱ्या बायका काउंटरवर यायच्या आणि व्याजाचे सात रुपये कमी पडलेत हे पासबुक उघडायच्या आत सांगायच्या. त्यातल्या एका आजींना पावकी, निमकीपासून औटकीपर्यंत, म्हणजे पाव, अर्ध्यापासून साडेतीनपर्यंतचे सगळे पाढे पाठ होते. मी एम.कॉम. असून यंत्रावर बोटं चालवायची आणि शेवटी त्यांचंच बरोबर निघायचं. दोनदा तर नक्कीच.

तर मशीनच्या कर्जाकडे तुमच्या डोळ्यांनी बघू. तुम्हाला जे खटकलं ते बरोबर खटकलं.

समजा, मंडपवाल्याकडून तुम्ही ३६ खुर्च्या भाड्याने आणल्या. दर महिन्याला एक परत करायची, असं ठरलं. महिन्यानंतर तुमच्याकडे ३५ राहतात, वर्षाने २४, शेवटच्या महिन्यात एकच. आणि मंडपवाला भाडं मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ३६ खुर्च्यांचंच लावतो. तुम्ही काय म्हणाल? सांगवत नाही ना?

‘फ्लॅट’ म्हणजे हेच. दर हप्त्यात तुम्ही मुद्दल फेडत जाता, तरी व्याज लागतं पूर्ण साठ हजारांवर, तिन्ही वर्षं. वर्षाचे ५,४००, तीन वर्षांचे १६,२००. एकूण ७६,२००, म्हणजे महिन्याला साधारण २,११७ रुपये. खरं तर सरासरी साडेअठरा खुर्च्याच तुमच्या अंगणात होत्या. छत्तीसचं भाडं साडेअठरांवर भरायचं, म्हणजे दर जवळजवळ दुप्पट. डोक्यातल्या डोक्यात साडेसतरा टक्के येतात. बँकेच्या पद्धतीने महिन्या-महिन्याचं काटेकोर मांडलं तर १६ टक्क्यांच्या थोडं वर निघतं. ९ नाही. आजीबाई औटकीवाल्या असत्या तर त्यांनी दुकानातच सुनावलं असतं.

ह्याचा अर्थ मशीन घेऊ नका असा नाही. दुकानदाराला विचारा, ‘घटत्या शिलकीवर दर किती पडतो?’ एवढं एक वाक्य. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना आणि वित्त कंपन्यांना अशा किरकोळ कर्जांसाठी मुख्य बाबींचं पत्रक देणं बंधनकारक केलंय. त्यावर सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, ज्याला एपीआर म्हणतात, तो लिहिलेला असतो. तो आकडा बघा, बाकी रंगीत कागद बाजूला ठेवा. आणि दुसरं विचारा, ‘वर्षभराने सगळे पैसे एकदम भरले तर किती भरावे लागतील?’ उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो तेही बघा. मग तोच साठ हजारांचा आकडा घेऊन तुमचं खातं असलेल्या बँकेत जा आणि तिथला एपीआर विचारा. दोन दुकानांत अस्तराचा भाव विचारता तसंच.

हप्ता तुमच्या मापात मोजा. रुपयांत मोजू नका, ब्लाउजात मोजा. ४०० रुपयांच्या ब्लाउजातून अस्तर, धागा, हुक, वीज मिळून ७० जात असतील, तर हाती ३३०. म्हणजे २,११७ चा हप्ता म्हणजे महिन्याला साडेसहा ब्लाउज. मोठ्या मशीनमुळे महिन्याला सात-आठ ब्लाउज जास्त निघणार असतील आणि तेवढी गिऱ्हाइकं असतील, तर विचार करा. नसतील तर ते १६,२०० रुपये व्याज म्हणजे एकोणपन्नास ब्लाउज फुकट शिवणं.

ह्याच हिशेबाला अजून एक बोट लावते, कारण तुमचे आकडे वाचल्यापासून मला राहवत नाहीये. अस्तराच्या ब्लाउजला काप, शिलाई, हुक, काज, ट्रायलनंतरचं उसवणं धरून साडेतीन तास लागत असावेत. ३३० भागिले साडेतीन, तासाला ९४ रुपये. फॉल-बीडिंगचे १२०. फॉलचे ३० गेले, राहिले ९०. हातशिलाई धरून पाऊण तास. म्हणजे तासाला १२०. वेळ माझ्या अंदाजाने धरलाय, अंदाजपंचे दाहोदरसे, तुमचा खरा वेळ घड्याळ लावून आठवडाभर मोजा. पण असं निघालं तर ज्या कामाला तुम्ही किरकोळ समजता ते जास्त देतंय आणि ज्याच्यासाठी तुम्ही रात्री अकरापर्यंत जागता ते कमी. ब्लाउजचे ४०० हे कधी ठरवले होते, आठवतंय? अस्तर तेव्हा काय भावाने मिळत होतं?

आता माझी फजिती. हुशारीचा आणि पदवीचा संबंध नसतो, ह्यासाठी तरी सांगायला हवी.

निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला, मागच्या महिन्याचं बिल जमा झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, खालच्या नंबरावर फोन करा. बिल मी भरलं होतं. तरीही छातीत धस्स झालं. फोन लावला. पलीकडचा माणूस फारच अदबीने बोलत होता. एक ॲप उतरवून घ्या म्हणाला. मी, जिने तीन दशकं लोकांना ‘कुणाला पासवर्ड सांगू नका’ म्हणून बजावलं, ती ते ॲप शोधायला लागले. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं. मी फोन ओट्यावर ठेवून धावले. गॅस बंद केला, ओटा पुसला, शेगडीचे बर्नर पुसले. त्या तीन-चार मिनिटांत डोकं ठिकाणावर आलं. रात्री साडेनऊला वीज तोडायला कोण येतं? आमच्याकडे दुपारी तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी येतात! फोन कापला.

मला दुधाने वाचवलं, हुशारीने नाही. हुशारीला पोचायला तीन मिनिटं लागली आणि तो माणूस तीच तीन मिनिटं मला देत नव्हता. घाई, भीती आणि ‘कुणाला सांगू नका’ ही तीन एकत्र आली की समोरच्याला तुमचा विचार नको असतो. ‘डिजिटल अटक’ म्हणून तासन् तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात, त्याची मेख हीच. अशी अटक कायद्यात कुठेही नाही. कुणी त्यात सापडलंच तर १९३० ह्या नंबरावर लगेच कळवायचं. आणि दुकानदार ‘ऑफर आजच्यापुरती आहे’ म्हणाला तर तुम्हीही घरी येऊन दूध तापवा. सही अजून केली नाहीत हे फार बरं केलंत.

तुम्हाला खटकलं आणि तुम्ही गप्प बसलात, ह्यावर एक उपाय आहे. मापाची वही असेल ना तुमच्याकडे? तिच्या शेवटच्या पानांवर खटकलेल्या गोष्टी लिहायला लागा. तारीख, काय खटकलं, एक ओळ. कारण कळलं नाही तरी चालेल. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती लगेच टिपून ठेवायचा, कारण अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, असा त्याचा अनुभव होता. खटकणं म्हणजे तुमच्या डोक्याने केलेलं निम्मं काम. ते टिपलं नाही तर घरी येईपर्यंत ‘जाऊ दे, ह्यांना कळतं’ होऊन जातं.

नवीन कटिंगचं सोपं आहे. तीनदा बघू नका. एकदा बघा, मोबाइल पालथा ठेवा आणि रद्दीच्या पेपरवर आठवून आखा. चुकेल. चुकू दे. मग परत लावून फक्त जिथे अडलात तेवढं बघा. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक ह्या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हे करून बघितलं. काहींनी एक उतारा चार बैठकांत परत परत वाचला, काहींनी एकाच बैठकीत वाचून पुढच्या तिन्ही बैठकांत आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर नुसते वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. बघताना जे सोपं वाटतं, ते समोर दिसतंय म्हणून सोपं वाटतं. हाताला आलंय की नाही हे रद्दीच सांगते.

विसरण्याबद्दल फार लिहीत नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर काम विसरणं माझंही होतं आणि माझ्या तिशीतल्या सुनेचंही. जिथून निघालात तिथे परत जाऊन उभं राहिलं की बहुतेकदा आठवतं. फोन नंबर डोक्याने सोडले, कारण आता ते मोबाइल सांभाळतो. त्यात बिघडलं काहीच नाही. तरी मोबाइल हरवेल त्या दिवसासाठी मिस्टरांचा, मुलाचा आणि शेजारच्यांचा असे तीन पाठ करा. मात्र तुमचं वय पाळी जाण्याच्या आसपासचं आहे. झोप मोडणं आणि विसरभोळेपणा ह्या वयात पुष्कळ बायकांना होतो. थायरॉईड आणि बी-१२ ची कमतरता ह्यांनीही असंच होतं, आणि शाकाहारी असाल तर बी-१२ जरूर बघा. डॉक्टरांकडे जाऊन एकदा रक्त तपासून घ्या. पंधरा हजार लागत नाहीत. रोजची वाट चुकायला लागली किंवा बावीस वर्षं शिवलेल्या ब्लाउजची कृतीच आठवेनाशी झाली, तर मात्र वाट न बघता जा. पत्रावरून तसं काही दिसत नाही.

राहिला चिरंजीवांचा प्रश्न. २००२ मध्ये येल विद्यापीठातल्या दोघांनी, रोझेनब्लिट आणि काइल ह्यांनी, लोकांना विचारलं की कपड्याची चेन, कुलूप, शिलाई मशीन ह्या गोष्टी कशा चालतात हे तुम्हाला किती कळतं, गुण द्या. लोकांनी भरघोस दिले. मग म्हणाले, आता पायरीपायरीने समजावून सांगा. सांगायला बसले आणि स्वतःलाच दिलेले गुण स्वतःच कमी केले. तेव्हा पुढच्या वेळी ‘तुला नाही कळणार’ आलं की चिडू नका, रुसू नका. ‘बरं, मग तूच सांग, फ्लॅट म्हणजे काय?’ म्हणा आणि हातातलं काम चालू ठेवा. त्याला येत असेल तर तुम्ही शिकाल. येत नसेल तर तुम्ही खुर्च्यांचं उदाहरण द्या, तो शिकेल. भावी इंजिनिअर आहे म्हणता, तर मशीनचा खालचा धागा वरच्या धाग्यात कसा अडकतो तेही विचारून ठेवा. ते उत्तर मला ऐकायला आवडेल.

मिस्टरांशी मात्र असं परीक्षेच्या थाटात नको. कर्जाचा कागद आणा, दोघं शेजारी बसा, खुर्च्यांचा हिशेब वहीत मांडून दाखवा. बावीस वर्षं ते एकटे हे ओझं वाहतायत. दुसरं डोकं मिळालं तर त्यांनाही नको असेल असं मला वाटत नाही. त्यांना नकोच वाटलं तर पुढच्या पत्रात कळवा, मग बघू.

आता माझं एक काम. माझ्या पैठणीच्या ब्लाउजला उजव्या मुंढ्यात चुण्या पडतात, डाव्यात नाही. शिंप्याकडे दोनदा नेला. दोन्ही वेळा त्याने चुण्या पडतात तिथेच उसवून परत शिवला आणि चुण्या तशाच. तुमच्या जाळ्याचा विचार करताना मला वाटलं, की दोष तिथे नसेलच, खांद्यात किंवा बाहीच्या उंचीत असेल. कुठून बघायला सुरुवात करू? लग्न पुढच्या महिन्यात आहे, जरा लवकर कळवा.

तुमची,
काकू